गाठीच्या पोटातला तवा

नळदुर्गात कडक भाकरीची परीक्षा जिभेनं होत नाही, कानानं होते. ढाबेवाला भाकरी उचलतो, कडेला टिचकी मारतो आणि मान वाकडी करून ऐकतो. ठण्ण वाजली तर पास. थप्प वाजली तर ती भाकरी माघारी घरी येते आणि आमटीत बुडून मरते. हैदराबादच्या वाटेला लागलेले ट्रकवाले जेवण झालं की दहा-वीस भाकऱ्या कागदात बांधून घेतात. महिनाभर टिकतात. गंगम्माच्या मते त्यांच्या टायरांपेक्षा जास्त.

गंगम्मा राहते किल्ल्याकडच्या गल्लीत. वय एकसष्ट, त्यातली बेचाळीस वर्षं चुलीपुढं. हायवेवरच्या तीन ढाब्यांना तिची भाकरी जाते. आपली भाकरी कधी थप्प वाजली असं तिला आठवत नाही. ढाबेवाल्यांना दोन-तीनदा वाजल्याचं आठवतं, पण ते तिला सांगायची छाती कुणाची?

या बेचाळीस वर्षांत भाकरीनं तिच्या बोटांवरच्या रेघा खाऊन टाकल्या. रेशनच्या दुकानात अंगठ्याचं मशीन आलं तेव्हा ही गोष्ट उघडकीला आली. दुकानदारानं अंगठा पुसला, ओला केला, दाबला, फिरवून दाबला. मशीन म्हणालं, ओळख पटत नाही. अख्खं गाव जिला गंगव्वा म्हणून हाक मारतं, ती सरकारी हिशेबात कुणीच नव्हती. ती तरातरा गेली, तहसीलच्या साहेबापुढं उभी राहून तक्रार केली. तक्रारीची चौकशी पूर्ण होईपर्यंत नाव यादीतून कमी केलं असा कागद आला. सहा महिने धान्य बंद. यातून गंगम्मानं एक धडा घेतला, आणि तो पक्का केला: तोंड उघडलं की नाव कापलं जातं.

तसा हा धडा तिला नवा नव्हता. अक्कलकोटकडनं लग्न होऊन आली तेव्हा सासूनं पहिल्याच आठवड्यात तिचा हात तव्यावर धरला होता. म्हणजे दुष्टपणानं नव्हे, शिकवायला. कडक भाकरी उलथण्यानं उलटली की कड तुटते. ती बोटांनीच फिरवायची असते, आणि भाजलं म्हणून बोटं उचलली की मध्येच मोडते. एकोणीस वर्षांची गंगम्मा "अय्यो" म्हणाली. सासू म्हणाली, "हात काढला की भाकरी मोडती, तोंड उघडलं की घर मोडतं." त्यानंतर गंगम्मानं भाकरीही मोडू दिली नाही आणि घरही. नवरा शांतलिंग गेला त्या दिवशीसुद्धा ती रडली ती पदर तोंडात कोंबून. लोक म्हणाले, बाई लई धीराची. लोकांना काय, म्हणायला पैसे पडत नाहीत.

गाठ आली ती डाव्या मांडीत.

हे ठिकाण तिच्या दृष्टीनं फार वाईट. भाकरी थापायला ती बसायची तेव्हा उजवा गुडघा उभा, डावी मांडी जमिनीला, आणि काठवटीची कड त्या मांडीनं दाबून धरलेली. डावी मांडी हा तिच्या कारखान्याचा पाया होता. गाठ आधी लिंबाएवढी होती. सोलापुरात ऑपरेशन झालं, मग महिनाभर किरणांचे शेक दिले. दीड वर्षानं गाठ परत आली, या वेळी जास्त खोल, मोठ्या रक्तवाहिनीला चिकटून. पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथं सांगितलं की आता कापून काढायची तर पायच काढावा लागेल, मांडीपासून.

मुलगा सिद्धाराम, जो ढाब्यांवर भाकऱ्या पोचवतो, तिथंच खुर्चीवर बसून रडायला लागला. गंगम्मानं त्याच्याकडं बघितलं आणि डॉक्टरला विचारलं, "काठवट कशानं दाबू मग?"

डॉक्टरला काठवट कळली नाही. सून शिवांजलीनं जमिनीवर बसून, मांडी घालून, हवेत भाकरी थापून दाखवलं. बाहेर रांगेतले लोक दारातनं बघत होते. तिला त्याचं काही नाही.

त्या डॉक्टरनं मग आणखी एक दार दाखवलं. त्याच दवाखान्यात एक चाचणी चालू होती. अजून सिद्ध न झालेला उपचार, मोजक्याच रोग्यांवर, नियम कडक. ती निकिता मॅडम बघायच्या. तिशीतली बाई, चष्मा, बोलणं भरभर. पण समजावून सांगायचं म्हटलं की एकदम हळू व्हायची, उताराला लागलेल्या गाडीनं गिअर टाकावा तशी.

"गंगम्मा, हे बघा. लोखंडाचा अगदी बारीक भुगा असतो."

"किती बारीक? मैद्यासारखा?"

"मैद्याचा एक कण घेतला आणि त्याचे हजारो तुकडे केले, तर त्यातला एक."

"चाळणार कशानं?"

निकिता मॅडम हसल्या. "तो भुगा पाण्यात कालवून सुईनं गाठीत सोडायचा. मग पाय एका मोठ्या वेटोळ्यात ठेवायचा. वेटोळ्यातनं एक लहर निघते, रेडिओच्या लहरींच्या भावकीतली. एका सेकंदात लाखभर वेळा दिशा बदलते. शरीराला तिचा त्रास फार होत नाही, पण तो लोखंडाचा भुगा तिच्यामागं फिरून फिरून तापतो. म्हणजे गाठ आतून तापते, आणि आजूबाजूचं मांस बऱ्यापैकी वाचतं. त्रेचाळीस-चव्वेचाळीस डिग्री, तासभर. तेवढ्यानं गाठीच्या पेशी मरतात किंवा दुबळ्या होतात. मग वर थोडा शेक दिला की तो जास्त लागू पडतो."

गंगम्मा म्हणाली, "म्हंजे तवा गाठीच्या पोटात. अन् चूल भाईर."

"हो. बरोबर."

"अन् आच मंद, तासभर. जाळायचं न्हाय, वाळवायचं."

निकिता मॅडमनी पेन खाली ठेवलं. जे लोकांना सांगायला त्यांना वीस मिनिटं लागायची, ते हिनं दोन वाक्यांत सांगितलं होतं. "तुम्हाला कसं कळलं?"

"कडक भाकरी अशीच हुती की," गंगम्मा म्हणाली. "जाळ लावला तर वर डाग पडतो अन् आत ओली ऱ्हाती. त्यो धंदा न्हाय, त्यो पोरखेळ."

संमतीच्या कागदावर तिनं अंगठा उठवला. उठला कसला, नुसता निळा डाग पडला. दोन साक्षीदारांनी खाली सह्या करून तो डाग म्हणजे गंगम्मा असल्याचं कबूल केलं.

पहिल्या दिवशी अडचण आली ती देवाची. वेटोळ्याजवळ अंगावर धातू चालत नाही. नाकातली चमकी काढली, जोडवी तर शांतलिंगाबरोबरच गेलेली. राहिलं गळ्यातलं इष्टलिंग, चांदीच्या डबीत. लहानपणी गुरूनं गळ्यात बांधलेलं, आंघोळीलाही न उतरवलेलं.

"हे अंगावरनं उतरलं म्हंजे मी उतरले," गंगम्मा म्हणाली. "मग खुशाल गाठ भाजा, आत कुणी नसंल."

मशीन सांभाळणारा तंत्रज्ञ म्हणाला, नियम म्हणजे नियम. शिवांजली म्हणाली, नियम डबीला आहे, देवाला नाही. तिनं तिथंच पर्समधनं सुई-दोरा काढला, पांढऱ्या रुमालाचा तुकडा फाडला, लिंग डबीतनं काढून कापडात शिवलं आणि सुती दोऱ्यात ओवलं. निकिता मॅडमनी वेटोळ्यापासून छातीचं अंतर मोजलं आणि खात्री म्हणून त्या पुरचुंडीजवळ लोहचुंबक धरून बघितलं. चिकटलं नाही.

"देव पास," तंत्रज्ञ म्हणाला. पुढं त्या खोलीत अवघड काही नीट झालं की लोक हेच म्हणायला लागले.

हातात एक रबरी फुगा दिला होता. गाठीच्या आत केसासारखी एक तार होती, ती आतली उष्णता सांगायची. पण कातडीवर, जुन्या जखमेच्या व्रणापाशी, भुगा थोडा जरी झिरपून आला असेल तर तिथं भाजू शकतं, आणि ते तारेला कळत नाही. ते रोग्यानंच सांगायचं. शून्य ते दहा आकडा सांगायचा, आणि सहन होईना की फुगा दाबायचा.

"किती, गंगम्मा?" काचेपलीकडून मॅडम विचारायच्या.

"दोन."

दहा मिनिटांनी, "आता?"

"दोनच की."

पहिला दिवस ठीक गेला. एकूण सहा वेळा यायचं होतं, आठवड्यातून एकदा. दर वेळी रात्रभर एसटी नको म्हणून दोघी आदल्या दिवशी येऊन दवाखान्यामागच्या धर्मशाळेत उतरायच्या.

दुसऱ्या वेळेला, अर्ध्या तासानंतर, व्रणाच्या खालच्या टोकाला कुणी निखारा ठेवावा तसं झालं. गंगम्माला ते नीट कळलं. तिला आच ओळखायला कुणी शिकवायची गरज नव्हती. तिनं काय केलं, तर हातातला फुगा उचलून उशाशी ठेवला. चुकून दाबला जाऊ नये म्हणून.

"किती?"

"दोन."

तिच्या डोक्यात हिशेब सरळ होता. एक तर भाजतंय म्हणजे औषध लागू पडतंय. कडू नसलेला काढा आणि न भाजणारी चूल, दोन्ही फसवी. दुसरं, ही माणसं वहीत सगळं लिहून घेत होती. ही बाई तक्रार करते असं एकदा लिहिलं गेलं की संपलं. यादीत मोजकीच नावं. बाहेर पाय काढायला सांगितलेली माणसं रांगेत उभी. कोण कशाला तक्रारखोर म्हातारी ठेवून घेईल?

संध्याकाळी धर्मशाळेत पातळ बदलताना शिवांजलीनं बघितलं. व्रणापाशी रुपयाएवढा फोड, कडेनं लालभडक.

"अत्ते! हे काय?" कानडी घरात सासूला अत्ते म्हणतात, पण शिवांजलीनं मारलेल्या हाकेत त्या वेळी मान कमी आणि धमकी जास्त होती.

"काय न्हाय. मुंगी चावली आसंल."

"मुंगीनं चूल पेटवली का हितं? तुमाला कळलं न्हवतं?"

"कळलं तर काय झालं? भाकरी भाजताना कातडी जातीच."

"तुमी भाकरी न्हाय!"

गंगम्मानं तिचा हात धरला. "सांगायचं न्हाय. तुला गळ्यातल्या लिंगाची आण हाय. सांगितलंस तर नाव कापतील, अन् पाय जाईल. तुज्या एका शब्दानं माजा पाय जाईल, ध्यानात ठेव."

शिवांजली रात्री जेवली नाही. घरात आली त्याला चार वर्षं झाली होती. या चार वर्षांत तिनं सासूला पुष्कळदा मनातल्या मनात उत्तरं दिली होती, त्यातली काही फार चांगली होती. पण आण मोडणं वेगळं. सकाळी ती चहा आणायला म्हणून उठली आणि सरळ निकिता मॅडमच्या दारात जाऊन बसली. दार उघडताच म्हणाली, "मॅडम, आण मोडून सांगते, पाप लागलं तर अर्धं तुमाला."

फोड बघून मॅडमचा चेहरा बदलला. त्या रागावल्या नाहीत, हेच वाईट. खुर्ची ओढून गंगम्मापुढं बसल्या आणि उताराचा गिअर टाकला.

"गंगम्मा, आतलं मला तारेनं कळतं. कातडीचं फक्त तुम्हाला कळतं. तुम्ही दोन म्हणालात, मी दोनवर विश्वास ठेवला आणि आच चालू ठेवली. हे थोडक्यात वाचलं. आणखी खोल गेलं असतं तर जखम भरली नसती, कारण तिथं आधीचा शेक झालेला आहे. ज्या रोग्याच्या सांगण्यावर विसंबता येत नाही त्याला या चाचणीत ठेवता येत नाही. ते एकटी मी नाही ठरवत, तिघांची समिती आहे. गुरुवारी बसेल."

गंगम्मानं सुनेकडं बघितलं. ती नजर शिवांजली मरेपर्यंत विसरणार नाही असं तिला त्या वेळी वाटलं. (नंतर दोन दिवसांत विसरली, कारण पुढं बरंच घडलं.)

"कापलंच शेवटी नाव," गंगम्मा म्हणाली. "तक्रार केली न्हाय तरीबी कापलं. मग खरं सांगून काय मिळालं आसतं?"

"कोण म्हणालं तक्रार केली की नाव कापतो?"

मग गंगम्मानं अंगठ्याची सगळी कथा सांगितली. साहेब, कागद, सहा महिने. सासूचा तवाही आला मधेच. निकिता मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाल्या, "इथं उलटं आहे हो. इथं बोलणाऱ्याचंच नाव राहतं."

"असं कुठं जगात असतं व्हय?" गंगम्मा म्हणाली. तिचा खरोखर विश्वास बसला नव्हता.

अडचण उरली ती अशी, की समितीला नुसतं "यापुढं खरं सांगीन" पुरणार नव्हतं. मॅडमनी गरम पाण्याची पिशवी तिच्या चांगल्या मांडीवर ठेवून आकडा विचारून बघितला. गंगम्मा म्हणाली दोन. जास्त गरम ठेवली. ती म्हणाली, "तीन लिवा, तुमाला बरं वाटत आसंल तर." ती आता खोटं बोलत नव्हती. तिच्याकडं आकडाच नव्हता. दुखणं मोजायचं असतं हेच तिला ठाऊक नव्हतं.

शिवांजली कोपऱ्यात उभी होती; त्या दिवशी तिच्याशी कुणी बोलत नव्हतं. ती म्हणाली, "मॅडम, आकडा इचारू नका. भाकरी कुठवर आली ते इचारा."

"म्हणजे?"

"चार वर्सं मी त्याच्यावरनंच बोलणी खातीय. अत्ते तव्यावर मनगटाची मागची बाजू एकदा धरत्यात अन् मग दुसऱ्या खोलीत जाऊन तिथनं सांगत्यात, 'पापुद्रा सुटला बघ', 'फडकं घे आता', 'ठिपके पडतेल, उचल'. अन् तसंच हुतं. बोटं मेल्यात ह्यांची, पर आच कळायची न्हाय असं हुत न्हाय."

गंगम्मानं मान फिरवली, पण नाही म्हणाली नाही.

मग त्या तपासणीच्या खोलीत, जिथं भिंतीवर मेंदूचा आणि फुप्फुसाचा तक्ता होता, एका कागदावर भाकरीचा तक्ता तयार झाला. पहिली पायरी, पाणी फिरवलं: कोमट. दुसरी, पापुद्रा सुटला: ऊन लागतं, बरं वाटतं. तिसरी, फडकं: आता कापडानं दाबत राहायचं, आच बरोबर आहे, पण लक्ष हवं. चौथी, ठिपके: भाजायला लागलं, भाकरी उचला. पाचवी, करप. करप झाल्यावर सांगण्यात अर्थ नाही, सगळ्या गल्लीला वासानं कळतं.

निकिता मॅडमनी उष्णता कमीजास्त करता येईल अशी एक पट्टी तिच्या मांडीला बांधली, वर चादर टाकली, आकडा आपल्याकडं वळवून ठेवला. गंगम्मानं डोळे मिटले.

"कुठवर आली?"

"पापुद्रा."

थोड्या वेळानं, "आता?"

"फडकं. ...न्हाय, थांबा. आता फडकं."

तीनदा केलं, मध्ये मध्ये आच खाली नेऊन, फसवून. दर वेळी ती फडकं म्हणाली तेव्हा पट्टी एकेचाळीसवर होती. दर वेळी ठिपके म्हणाली तेव्हा त्रेचाळीस. एकदाच अर्ध्या डिग्रीचा फरक पडला. गंगम्मा म्हणाली, पट्टी चुकली असंल.

गुरुवारी समिती बसली. तीन मोठे डॉक्टर, पुढं इंग्रजी कागद, आणि त्यावर पिनेनं लावलेला भाकरीचा तक्ता. त्यातल्या सगळ्यात वयस्कर डॉक्टरनं तो दोनदा वाचला, घड्याळाकडं बघितलं आणि भूक लागल्याचं कबूल केलं. निर्णय असा झाला की जखम भरेपर्यंत तीन आठवडे थांबायचं, मग एक संधी द्यायची. पुन्हा खोटं निघालं तर त्याच दिवशी बंद. पाय ठेवायचा की काढायचा हे मग वाट न बघता ठरवायचं.

तीन आठवडे घरी शिवांजलीनं भाकऱ्या केल्या. गंगम्मा खाटेवरनं ऐकायची. थप्प वाजलेल्या मोजायची, पण बोलायची नाही. अबोला धरण्यात ती पुढच्या पिढीला मागं टाकील अशी होती. सिद्धाराम दोघींच्या मधून ढाब्यावर पळून जायचा.

मग तिसरी वेळ आली. पांढऱ्या पुरचुंडीतला देव, वेटोळं, केसाएवढी तार. व्रणावर या वेळी गार पाण्याची पिशवी होती. फुगा हातात. शिवांजलीला काचेपलीकडं मॅडमशेजारी बसायला दिलं होतं, दुभाषी म्हणून. म्हणजे भाकरीची दुभाषी.

वीस मिनिटं पापुद्रा. पस्तीस मिनिटांना फडकं. मॅडमनी मान हलवली, इथंच ठेवायची होती.

बेचाळिसाव्या मिनिटाला गंगम्माला व्रणाच्या वरच्या अंगाला, नव्याच जागी, टोचल्यासारखं झालं. मग ते टोचणं पसरलं. हे फडकं नव्हतं. हे तिला इतकं स्वच्छ कळत होतं, जसं भाकरीच्या वासावरनं अंधारात कळतं.

"गंगम्मा, कुठवर?"

"फडकं," ती म्हणाली.

तोंडातनं निघूनच गेलं. बेचाळीस वर्षांची सवय तिच्याआधी बोलली. काचेपलीकडं मॅडमनी वहीत लिहून घेतलं. गंगम्मा छताकडं बघत राहिली. तिथं एक पांढरा दिवा होता, त्याच्याभोवती काही नव्हतं, सासू नव्हती, साहेब नव्हता. हात काढला की भाकरी मोडते. पण कुठली भाकरी? इथं भाकरी नव्हतीच. तव्यावर तीच होती.

"न्हाय," ती मोठ्यानं म्हणाली. "खोटं बोलले. ठिपके पडल्यात. वरच्या अंगाला. साकु! साकु!"

साकु म्हणजे कानडीत पुरे. मॅडमला कानडी येत नव्हती, पण त्यांचा हात "खोटं" हा शब्द येतानाच बटणाकडं गेला होता. लहर बंद झाली. शिवांजली खुर्चीतनं उठून काचेला नाक लावून उभी होती.

मॅडम आत आल्या. बोट ठेवून जागा बघितली. कातडी लाल झाली होती, फोड नव्हता. त्यांनी पाय दोन बोटं सरकवला, गार पिशवीची जागा बदलली. गंगम्मा त्यांच्या तोंडाकडं बघत होती, जसं रेशनच्या मशीनकडं बघायची.

"नाव?" तिनं विचारलं.

"आहे," मॅडम म्हणाल्या. "अठरा मिनिटं बाकी आहेत. करायची?"

"करा की. अर्धी भाकरी कोण खातं?"

त्या दिवसानंतर गंगम्माला तक्रारीची चटकच लागली. उरलेल्या तीन वेळांत तिनं ठिपके दोनदा सांगितले, दोन्ही वेळा खरे. शिवाय चादर खरबरीत आहे, दिवा डोळ्यावर येतो, तंत्रज्ञाच्या चहात साखर नाही, हेही सांगितलं. एसटीत तिनं कंडक्टरला खिडकी लागत नसल्याचं सांगितलं आणि सोलापूरपर्यंत सांगत राहिली. शिवांजलीशी अबोला कधी सुटला हे दोघींना नक्की आठवत नाही. बहुतेक त्या खिडकीपाशीच सुटला असावा, कारण कंडक्टरशी भांडायला दोघी एकत्र उठल्या होत्या.

तीन महिन्यांनी फोटो काढला. गाठ गेली नव्हती. पण वाढलीही नव्हती, आणि तिच्या मधला बराच भाग मेलेला दिसत होता. निकिता मॅडमनी स्पष्ट सांगितलं की हे वचन नाही. पुन्हा तीन महिन्यांनी बघायचं, कदाचित छोटं ऑपरेशन करून उरलेली काढता येईल, कदाचित नाही. आज तरी पाय काढायचा विषय नाही.

"म्हंजे फडक्यावर हाय," गंगम्मा म्हणाली. "लक्ष ठिवायचं."

"बरोबर."

मांडी जमिनीला टेकवायला अजून बंदी होती. म्हणून नळदुर्गात आता शिवांजली काठवटीपुढं बसते आणि गंगम्मा तिच्यामागं प्लॅस्टिकच्या खुर्चीवर. खुर्ची टोचते, हे तिनं गल्लीत सगळ्यांना सांगून झालं आहे.

परवा दुपारी अशाच बसल्या होत्या. तिसऱ्या ढाब्याच्या भाकऱ्या चालल्या होत्या. शिवांजली बोटांनी भाकरी फिरवत होती. चुलीतलं लाकूड सरकलं, जाळ एकदम कडेनं वर आला आणि तिची बोटं तव्यावर क्षणभर जास्त राहिली. तिनं खालचा ओठ दातात धरला, भाकरी फिरवत राहिली. मागनं फक्त तिचे खांदे दिसत होते. गंगम्माला खांदे पुरे होते.

"कुठवर आली?" तिनं विचारलं.

"फडकं घेत्येच की, अत्ते."

"भाकरीचं न्हाय इचारलं."

शिवांजलीनं मागं वळून बघितलं नाही. मग ती हळूच म्हणाली, "ठिपके."

"मग काढ की हात."

"मोडंल."

"मोडू दे."

तिनं हात काढला. भाकरी मधोमध मोडली. गंगम्मानं खुर्चीवरनं वाकून, मांडी सांभाळत, पाण्याचा तांब्या पुढं सरकवला, आणि शिवांजलीनं बोटं त्यात बुडवली. मोडलेली भाकरी ढाब्यावर जात नाही. त्यांनी तिचे दोन तुकडे तिथंच शेंगाचटणीबरोबर खाल्ले. गंगम्मानं सवयीनं आपल्या तुकड्याला टिचकी मारली.

थप्प वाजला.

"माजी अशी कधी वाजली न्हाय," ती म्हणाली, आणि खाऊ लागली.